श्री. टिपणीस (बदली)

"एवढं तेल दोन बाळंतपणं मिळून नव्हतं लागलं."

भागीरथीबाई हे कुणाला उद्देशून म्हणाल्या नव्हत्या. सून पालथी पडलीय, डोळे मिटलेत, म्हणजे झोपलीच असणार असं धरून त्या तिच्या खांद्यांत नारायण तेल जिरवत होत्या आणि स्वतःशी पुटपुटत होत्या. पण मालनबाई जाग्या होत्या. ज्या बाईचे दोन्ही खांदे, दोन्ही मनगटं आणि बसायची जागा एकाच वेळी ठणकतेय, ती झोपत नाही. ती फक्त आवाज न करता पडून राहते.

"लोकांच्या सुना त्रेचाळिसाव्या वर्षी भजनी मंडळात जातात, आमची खाडीत जाते," भागीरथीबाईंचा अंगठा नेमका दुखऱ्या जागी रुतला. "ज्यानं जायचं तो राहिला बाजूला, आणि ही..."

एवढ्यावर त्या थांबल्या आणि बाटलीला बूच लावलं.

हे वाक्य असंच अर्ध्यावर थांबायचं. टेंभी नाक्याजवळच्या त्या तीन मजली इमारतीत प्रत्येकानं ते कधी ना कधी सुरू केलं होतं आणि प्रत्येकानं इथेच सोडलं होतं.

मुळात सगळा दोष घड्याळाचा. मालनबाईंचे यजमान त्र्यंबकराव टिपणीस वागळे इस्टेटीतल्या एका कारखान्यात खरेदी खात्यात होते. तिथे वीस वर्षं पुरी करणाऱ्याला भिंतीवरचं घड्याळ द्यायची रीत होती. मालनबाईंनी बाहेरच्या खोलीत आधीच खिळा ठोकून ठेवला होता. पण नेमके त्याच वर्षी कारखान्यात नवे साहेब आले, आणि हे साहेब पहाटे उठून पळायचे. जो माणूस स्वतः पळतो त्याला दुसरा माणूस बसलेला बघवत नाही. साहेबांनी घड्याळं बंद केली. वीस वर्षं खुर्चीत बसलेल्यांच्या पोटांकडे एकवार नजर टाकून त्यांनी प्रत्येकाला चेंदणी कोळीवाड्यापलीकडच्या 'वरुण नौकानयन मंडळा'चं वर्षभराचं सभासदत्व दिलं. खिळा रिकामाच राहिला. पुढे त्याला छत्री टांगू लागले.

पहिल्या रविवारी त्र्यंबकराव पांढरीशुभ्र, इस्त्रीची अर्धी चड्डी घालून निघाले, तेव्हा सगळी इमारत जिन्यात उभी होती. तळमजल्यावरचे मधुभाऊ परुळेकर तर फाटकापर्यंत गेले. मधुभाऊ लहानपणी एकदा मुंबईहून वेंगुर्ल्याला बोटीनं गेले होते. वाटभर त्यांना उलट्या झाल्या होत्या, आणि तेव्हापासून समुद्राबाबतीत इमारतीत त्यांचा शब्द शेवटचा मानला जाई. "टिपणीस, वाऱ्याकडे पाठ ठेवा," त्यांनी सांगितलं, "आणि खिशात लिंबू ठेवा."

त्र्यंबकराव अर्ध्या तासात रिक्षानं परत आले.

"पाठ धरली," ते म्हणाले आणि आत जाऊन आडवे झाले.

मालनबाईंनी गरम पाण्याची पिशवी आणली. पिशवी ठेवताना त्यांच्या लक्षात आलं की चड्डीची घडी जशीच्या तशी आहे. माणूस नुसता बसला तरी चड्डीची घडी मोडते. ही मोडलेली नव्हती. पण संसारात काही गोष्टी बघायच्या असतात आणि बोलायच्या नसतात. त्यांनी पिशवी पाठीखाली नीट सरकवली.

खरा प्रकार कळला तो मंगळवारी, बोंबलांबरोबर. शेवंती कोळीण पंधरा वर्षं त्यांच्या दारी मासे घेऊन यायची. पाटी उतरवता उतरवता ती म्हणाली, "बाय, परवा तुजा दादला आल्ता धक्क्यावं. एक पाय होरीत टाकलान. होरी हालली. हालनारच, होरी काय वटा हाय? मंग दुसरा पाय बोलला, मी नाय येत. एक पाय होरीत, एक पाय धक्क्यावं, नि मदी तुजा दादला. चार जनांनी सोरवला त्याला."

"शेवंती," मालनबाई बोंबील निवडत हळूच म्हणाल्या, "हे कुणाला बोलू नकोस हां."

"मी कशाला बोलू? कोलीवारा सोरून कोनाला नाय बोलली."

कोळीवाड्यातून ती बातमी मासळीबाजारात आली, आणि टेंभी नाक्यावर मासे न खाणारी घरं मोजकीच. आठवड्याभरात सगळ्यांना सगळं ठाऊक झालं. मात्र तोंडावर कुणी काही बोललं नाही. जिन्यात भेटलं की माणसं खास गोड आवाजात विचारायची, "काय टिपणीस, पाठ कशी आहे?" आणि त्र्यंबकराव, बिचारे, कमरेवर हात ठेवून दोन पायऱ्या वाकून चढायचे.

मालनबाईंना त्या गोड आवाजाची चीड आली. दुसरी गोष्ट अशी की, मिळालेली वस्तू वाया घालवणं त्यांच्या रक्तात नव्हतं. जावेनं दिलेला न आवडणारा मोरपंखी रंगाचा स्वेटर त्यांनी उसवून, धुऊन, पायपुसणं विणून वापरला होता. इथे तर अख्खं वर्ष पडून होतं. पुढच्या रविवारी त्या उठल्या, पदर खोचला आणि मंडळात जाऊन उभ्या राहिल्या.

मंडळाचे चिटणीस दाजी गुप्ते पंख्याखाली बसले होते.

"सभासद कोण?"

"हे."

"मग ते कुठे आहेत?"

"पाठ."

पहिल्या रविवारी त्र्यंबकरावांना सोडवणाऱ्या चौघांत खुद्द दाजी होते. त्र्यंबकरावांचा डावा दंड त्यांच्याच हातात होता. पण दाजीही ठाण्याचेच. ते पंख्याकडे बघत म्हणाले, "पाठ का? बरं बरं."

मग त्यांनी नियमावली काढली. बायकांना मनाई असल्याचा नियम तिच्यात नव्हता, कारण लिहिणाऱ्यांना तसं काही घडू शकेल असं सुचलंच नव्हतं. मात्र सभासदाऐवजी दुसऱ्यानं यायचं तर काय, हेही कुठे नव्हतं. दाजी पूर्वी गिरणीत होते, आणि तिथे गैरहजर कामगाराच्या जागी उभा राहणाऱ्याला बदली म्हणत. त्यांनी गिरणीतला तोडगा काढला आणि हजेरीत लिहिलं: श्री. त्र्यंबक टिपणीस (बदली).

अशा रीतीनं मालनबाई श्री. झाल्या.

शिकवायला सहदेव भोईर सर होते. एरवी ते कल्याणच्या एका शाळेत कवायत शिकवायचे आणि दर रविवारी शिट्टी घेऊन ठाण्याला यायचे. त्यांचा आवाज तीनशे मुलांच्या मैदानाच्या मापाचा होता. समोर एकटी बाई असली तरी ते तो कमी करत नसत. पहिले काही आठवडे त्यांनी मालनबाईंना पाण्याच्या जवळपासही जाऊ दिलं नाही. मंडळाच्या अंगणात एका बाकावर बसवून हातात दोन बांबू दिले. "पाय ताठ, हात पुढे, ओढाऽऽ." मालनबाई हवा वल्हवू लागल्या. पलीकडच्या रस्त्यानं जाणाऱ्या बस हळू व्हायच्या. संध्याकाळी मधुभाऊ जिन्यात भेटले. "वहिनी, आज बाकावरून कुठपर्यंत पोचलात?"

"मुंब्र्यापर्यंत," मालनबाई म्हणाल्या. "उद्या वेंगुर्ल्याला जाईन. उलटी न करता."

मग एकदाची होडी मिळाली. मालनबाईंनी आयुष्यभर तलावपाळीवर बघितल्या होत्या तसल्या रुंद, बसक्या होड्यांशी हिचं काही नातं नव्हतं. ही लांबच लांब आणि शेवग्याच्या शेंगेएवढी रुंद. बसायची फळी चाकांवर पुढेमागे सरकायची. मालनबाई त्या दिवशी लेकीची सलवार घालून गेल्या होत्या. चौथ्या ओढीला सलवारीची नाडी चाकात गेली. पाचव्या ओढीला फळीही हलेना आणि मालनबाईही. सहदेव सर काठावरून ओरडत होते, "उठा, उठा," आणि मालनबाई ज्या कारणासाठी उठत नव्हत्या ते कारण मोठ्यानं सांगण्यासारखं नव्हतं. शेवटी शेवंती मासे कापायची सुरी घेऊन कमरेएवढ्या पाण्यात उतरली आणि नाडी कापून मालनबाईंना आपल्या पदरात गुंडाळून काठावर आणलं. "आमच्यात बायका होरीत नाय बसत," ती वाटेत म्हणाली. "आता कललं का नाय बसत ते."

घरी हे सगळं ऐकून भागीरथीबाई उठल्या. ट्रंक उघडून त्यांनी आपलं जुनं नऊवारी काढलं आणि दुसऱ्या दिवशी सुनेला समोर उभं करून घट्ट काष्टा घातला. "ह्यात मी आडातून पाणी शेंदलंय, भात लावलाय आणि एकदा चिंचेवर चढलेय. चाकाबिकाची काय बिशाद." बोलता बोलता ओचा त्यांनी इतका आवळला की मालनबाईंना दिवसभर श्वास जपून घ्यावा लागला. पण काष्टा सुटला नाही. त्यानंतर कधीच सुटला नाही.

खरी अडचण निराळीच होती. ही होडी पाठीच्या दिशेनं चालते. तोंड एकीकडे, जायचं दुसरीकडे. आपण कुठून आलो ते सारखं दिसत राहतं आणि कुठे चाललो ते देवाला माहीत. मालनबाई दोनदा धक्क्यावर आदळल्या, एकदा जाळ्यांच्या खुंटांत घुसल्या आणि एकदा वाळू काढणाऱ्या माणसांच्या पडावाला जाऊन भिडल्या. पडावातल्या लोकांनी त्यांना बसवून चहा दिला आणि होडीचं तोंड वळवून परत पाठवलं. एक वल्हं सतत जास्त जोर धरायचं, म्हणून सुरुवातीला त्या गोल गोल फिरत. विठ्ठलवाडीहून नणंद मुद्दाम बघायला आली होती. "वहिनी, प्रदक्षिणाच घालायच्या तर कौपिनेश्वराला घाल. पुण्य तरी लागेल."

ह्यावर उपाय काढला तो त्र्यंबकरावांनी.

ते दर रविवारी बायकोबरोबर यायचे. पहाटे उठून चहा करायचे, तिच्या तळहाताच्या फोडांवर हळद आणि तूप लावायचे, तिची पिशवी घ्यायचे, आणि धक्क्याच्या अलीकडे एक करंजाचं झाड होतं तिथे छत्री उघडून उभे राहायचे. त्यापुढे पाऊल टाकायचे नाहीत. धक्का म्हणजे लाकडी फळ्या, फळ्यांच्या फटीतून पाणी दिसायचं. कुणी बोलावलं तर कमरेवर हात ठेवायचे. पण तिथून त्यांना खाडी सगळी दिसायची. एकदा ती पुन्हा खुंटांकडे निघालेली बघून ते न राहवून ओरडले, "अगं, डावीकडे. तुझ्या डावीकडे नाही, माझ्या." पुढच्या खेपेपर्यंत त्यांनी तिला छत्रीच्या खुणा शिकवल्या. छत्री ह्या बाजूला झुकली की हे वल्हं जोरात, त्या बाजूला झुकली की ते, मिटली की थांब. सहदेव सर शिट्ट्या फुंकून दमायचे. ती शिट्टी ऐकायचीच नाही. तिची नजर असायची करंजाखालच्या काळ्या छत्रीवर. छत्रीपासून ती लांब लांब जात राहायची आणि छत्री तिला वाट दाखवत राहायची.

एके दिवशी होडी सरळ गेली. का गेली ते मालनबाईंना कळलं नाही. दोन्ही वल्ही एकदम पाण्यात पडली, एकदम उठली, आणि खालून पाणी सळसळत गेल्याचा आवाज आला. परत ओढलं, परत तेच. इथे कुकरची शिट्टी येत नव्हती. दाराची घंटा नव्हती. कुणी हाक मारली असती तरी वळून बघायची सोय नव्हती, वळलं की होडी कलंडते. त्या दिवशी घरी येऊन त्यांनी मुकाट्यानं पोळ्या केल्या, आणि शेवटची पोळी तव्यावर असताना त्यांना एकदम रडू आलं. त्र्यंबकरावांनी विचारलं, "हात दुखतोय?" त्या म्हणाल्या, "हो." तेवढं खोटं चालतं.

नणंदेनं आता पुढची फेरी सुरू केली होती. तिला भाचीच्या लग्नाची काळजी. "मुलीकडची माणसं काय करतात, असं विचारलं तर काय सांगायचं? आई होड्या मारते?"

"वल्हवते म्हणावं," मालनबाई म्हणाल्या. "मारायचं तर लोकांच्या तोंडात, तेवढं अजून राहिलंय."

आणि तेवढ्यात मंडळाची नवी, दोघांनी बसायची होडी आली.

होडी म्हटली की पूजा आली. पूजेला सुवासिनी लागते, आणि मंडळात सुवासिनी म्हणाल तर एकच, तीही हजेरीत श्री. म्हणून लावलेली. दाजी जातीनं घरी येऊन बोलावून गेले. गुरुजींनी पंचांग बघून रविवारचा मुहूर्त काढला: पंचमी, सकाळी सव्वाआठ. दाजींनी अध्यक्षांची सोय बघितली, गुरुजींनी ग्रह बघितले, सहदेव सरांनी बँड बघितला. पंचमीला त्या वेळी खाडीला ओहोटी असते हे कोळीवाड्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. त्याच पंचांगात तिथी लिहिलेली, त्याच तिथीवरून पाण्याचा हिशेब लागतो. पण पंचांग बघायला जमलेल्या तिघांत पाणी बघायला कुणीच नव्हतं. मालनबाईंच्या मनात आलं होतं, पण सुवासिनीनं मुहूर्तात खोट काढू नये.

करंजाखाली पाट मांडले. त्र्यंबकराव सोवळं नेसून शेजारी मालनबाईंना घेऊन बसले. पूजा यथासांग झाली. अध्यक्षांचं भाषण त्याहून यथासांग झालं. शेवटी गुरुजी म्हणाले, "आता उभयतांनी नौकेत बसून एक फेरी घ्यावी."

बँडवाल्यानं पिपाणी तोंडातून काढली.

"ह्यांची पाठ," मालनबाई चटकन म्हणाल्या.

"हो, पाठ," दाजी म्हणाले.

"पाठीचं फार वाईट असतं," अध्यक्ष म्हणाले.

उभयतांपैकी दुसऱ्याच्या जागी सहदेव सर बसले. शंभर हात गेले असतील, तोच होडीखाली एक जाडसर, समाधानी आवाज झाला आणि ती थांबली. पाणी निघून चाललं होतं. बघता बघता दोन्ही बाजूंना चिखल उघडा पडला, त्यावर छोटे छोटे खेकडे बाहेर येऊन नव्या होडीकडे बघू लागले. "घाबरू नका, मी ढकलतो," असं म्हणून सहदेव सर उतरले आणि मांडीपर्यंत गेले. परत चढले तेव्हा त्यांच्या पायात एकच बूट होता.

भरती येईपर्यंत करण्यासारखं काही नव्हतं. टिपणिसांची मालन हार घातलेल्या होडीत, नऊवारी नेसून, कपाळभर कुंकवानिशी, कल्याणच्या भोईर सरांबरोबर चिखलात बसून राहिली. काठावर टेंभी नाका जमला. साडेनऊ वाजले तशी गर्दी एकदम पांगली, कारण टीव्हीवर पौराणिक मालिका लागायची वेळ झाली. तासाभरानं सगळे परत आले. मधुभाऊ हातांचा कर्णा करून ओरडले, "वहिनी, तुमचं काही हुकलं नाही, आज नुसतं बाण सोडण्यातच गेलं." शेवंती चिखलावरून फळी घसरवत आली आणि पोह्यांचा डबा देऊन गेली. सहदेव सर पहिल्यांदाच हळू आवाजात बोलले. ते म्हणाले, "मला घरी काय सांगायचं ते सुचत नाहीये."

त्र्यंबकराव मालिका बघायला गेले नाहीत. भर उन्हात ते तिथेच उभे होते. छत्री त्यांनी स्वतःवर न धरता पुढे तिरकी धरली होती, जणू तेवढ्या अंतरावरून तिच्यावर सावली पडेल. दोनदा ते धक्क्याच्या पहिल्या फळीपर्यंत आले. दोनदा थांबले. दुपारी पाणी आलं, होडी उचलली, मालनबाई वल्हवत काठाला आल्या तेव्हा दोघांचेही चेहरे सारखेच भाजले होते.

त्या रात्रीच्या जेवणाला जिन्यातून मधुभाऊंचं बोलणं ऐकू आलं, "बायको चिखलात आणि हा आपला..." मालनबाई घास टाकून दारात गेल्या. "हा आपला काय, भाऊ?"

"काही नाही. पाठ म्हणत होतो. जपायला पाहिजे."

"जपतेय," मालनबाई म्हणाल्या, "तुम्ही वेंगुर्ल्याचं पोट जपा."

पाऊस सुरू झाला, खाडी बंद झाली, मालनबाई परत बाकावर बसून हवा वल्हवू लागल्या. आणि नारळी पौर्णिमेच्या शर्यतींची पाटी लागली. त्यात नवशिक्यांची एक शर्यत होती, एकेकट्यानं वल्हवायची, धक्क्यापासून कळव्याच्या पुलापर्यंत. ठाण्याची तीन माणसं, कल्याणच्या मंडळाची तीन. सहदेव सरांनी पहिलं नाव टिपणीस दिलं.

दाजींनी शर्यतींची वेगळी नियमावली उघडली. शर्यतीत बदली चालत नाही. सभासदत्व बायकोच्या नावावर करून देता येईल, पण त्यासाठी मूळ सभासदानं समितीपुढे येऊन, आपण का वल्हवत नाही, ते कारण स्वतःच्या तोंडानं सांगायला हवं.

"पाठ," मालनबाई म्हणाल्या.

"मग डॉक्टरांचा दाखला."

डॉक्टरांनी त्र्यंबकरावांना पालथं झोपवलं, बसवलं, वाकवलं, टोकटोक केलं. "टिपणीस, वीस वर्षांत अशी पाठ बघितली नाही. तुम्ही पोती उचलू शकाल." मालनबाई खूप वेळ त्यांच्याकडे बघत राहिल्या. डॉक्टरही टेंभी नाक्यावरचेच, मासे खाणारे. त्यांनी खाकरून लिहिलं: पाठ दुखण्याची शक्यता नाकारता येत नाही.

समितीनं दाखला परत पाठवला. शक्यता हे कारण नव्हे. सभासदाची पाठ बरी असेल तर सभासदानं वल्हवावं, नाही तर प्रत्यक्ष येऊन कारण सांगावं. दाजी खाजगीत म्हणाले, "वहिनी, एक वाक्य आहे हो. तुम्ही सांगा त्यांच्या वतीनं, मी डोळे मिटून लिहून घेतो."

"कुठलं वाक्य?" मालनबाईंनी विचारलं.

दाजी पंख्याकडे बघू लागले.

ते वाक्य मालनबाईंना पाठ होतं. म्हटलं असतं तर पूल त्यांचा होता. पण वीस वर्षं ज्या माणसानं आपल्या माहेरच्यांसमोर कधी आपली आमटी बिघडली म्हटलं नाही, त्याचं वाक्य आपण चारचौघांत कसं म्हणायचं? त्या घरी आल्या आणि त्यांनी त्र्यंबकरावांना फक्त एवढंच सांगितलं, की दाजींचं काहीतरी चाललंय, बघू. त्र्यंबकराव 'बरं' म्हणाले आणि आधीच स्वच्छ असलेली छत्री परत पुसत बसले.

"माझं नाव आहे तसंच राहू दे," मालनबाईंनी दाजींना कळवलं. "श्री. तर श्री. मी बसणार. उठवायचं तर तुम्ही उठवा."

नारळी पौर्णिमेला खाडी तुडुंब होती. कोळीवाड्यानं होड्यांना पताका लावलेल्या, सोन्याच्या पत्र्यात मढवलेला नारळ वाजतगाजत निघालेला. सगळी इमारत आली होती. नणंद आली होती, मुलीला बघायला येऊ घातलेल्यांपैकी एका काकांना घेऊन. मालनबाई नऊवारी कसून होडीत बसल्या. दाजी धक्क्यावर ध्वनिक्षेपक घेऊन उभे होते आणि नावं पुकारत होते. "चौथ्या क्रमांकाच्या होडीत, श्री. त्र्यंबक टिपणीस."

कल्याणचा एक कार्यकर्ता पुढे आला. "हे श्री. कसे?"

"बदली आहेत," दाजी म्हणाले.

"बदली चालत नाही. तुमच्याच नियमात आहे. श्री. टिपणीस कुठे आहेत? ते येऊन बसू देत, नाही तर होडी बाहेर काढा."

हे सगळं ध्वनिक्षेपकातून जात होतं, कारण तो बंद करायचं दाजींना सुचलं नाही. मग दाजींना ते बोलावंच लागलं. "श्री. टिपणीस यांनी धक्क्यावर यावं." आवाज खाडीवरून जाऊन परत आला. "श्री. टिपणीस यांनी यावं."

मधुभाऊ आभाळाकडे बघू लागले. शेवंतीनं पदरानं तोंड पुसलं. अध्यक्षांनी नारळाची चौकशी केली. भागीरथीबाई खाली मान घालून पोतडीतलं तेल शोधू लागल्या. एवढ्या माणसांना एकच वाक्य ठाऊक होतं आणि कुणीही ते तोंडाबाहेर काढत नव्हतं. ह्याला ठाण्यात संस्कार म्हणतात.

"ह्यांची पाठ दुखते," मालनबाई होडीतून मोठ्यानं म्हणाल्या. "जुनी आहे. पावसात फार दुखते. मी उतरते." त्यांनी पायांचे पट्टे सोडले आणि एक वल्हं धक्क्याला टेकवलं. करंजाकडे त्यांनी बघितलं नाही. बघितलं असतं तर कळलं असतं की झाडाखाली छत्री नुसतीच पडलीय.

फळ्या वाजल्या. त्र्यंबकराव धक्क्यावरून येत होते. दोन्ही हातांनी कठडा धरून, एकेका फळीवर दोन्ही पाय टेकवून, फटींमधलं भरतीचं काळं पाणी दिसू नये म्हणून समोरच्या पताकेवर डोळे रोखून. कपाळावरून घाम ओघळत होता. मध्ये एकदा लाट आली, धक्का हलला, ते खाली बसले आणि परत उठले. "अहो," मालनबाई म्हणाल्या, "अहो, मागे जा. मी उतरतेय ना." त्यांनी ऐकलं नाही. दाजींपाशी पोचल्यावर कठड्याचा एक हात सोडायला त्यांना बराच वेळ लागला. मग त्या हातानं त्यांनी ध्वनिक्षेपक घेतला.

"मी त्र्यंबक टिपणीस," ते म्हणाले. यंत्र किंचाळलं. ते थांबले, ते संपेपर्यंत वाट बघितली, आणि मग कळव्याच्या पुलावरच्या माणसांनीही ऐकावं असं स्पष्ट बोलले.

"माझी पाठ ठणठणीत आहे. मला पाण्याची भीती वाटते. आता सोडा तिला, ओहोटी लागेल."